लोखंड तेच, भाव वेगळा

एखादा भाग समृद्ध होतो आणि शेजारचा मागे का राहतो? जमीन, पाणी, खनिज, भांडवल ही या प्रश्नाची जुनी उत्तरं. गेल्या सत्तर वर्षांत अर्थशास्त्रानं आणखी एक उत्तर पुढे आणलं: माणसांना काय ठाऊक आहे आणि ते एकापासून दुसऱ्यापर्यंत कसं पोचतं, यावर बरंच काही ठरतं. एवढ्यावर आज बहुतेकांचं एकमत आहे. पुढे मात्र वाट फुटते. माहिती खुली आणि स्वस्त केली की वाढीला गती येते, असं एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याचं म्हणणं असं की, खरी जाण माणसांच्या हातात आणि त्यांच्या आपसांतल्या जोडणीत असते. ती कागदावरून किंवा पडद्यावरून कुणाच्या अंगी येत नाही.

हे दोन पक्ष समोरासमोर यावेत म्हणून खालचा संवाद रचला आहे. यातले मामा कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवतात. भाची अर्थशास्त्र शिकलेली आहे आणि पुण्यात शेतमालाच्या बाजारभावांच्या माहितीवर काम करते.

मामा: हे दोन तुकडे हातात घे. काही फरक वाटतो?

भाची: वजन सारखंच वाटतंय. रंगही तोच.

मामा: दोन्ही ओतीव लोखंड. दोन्हीत कार्बन साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पहिल्यावर घण घातला तर फुटेल. दुसरा वाकेल, पण सहजासहजी तुटणार नाही. पहिल्यात तो कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलाय, त्यामुळे दणका बसला की तिथूनच चीर धावते. दुसऱ्यात त्याच ग्राफाइटच्या बारीक गोळ्या झाल्यात. हे एसजी आयर्न. गोळ्या व्हाव्यात म्हणून आम्ही रसात मॅग्नेशियम घालतो. शेवटी लोखंडात ते राहतं जेमतेम 0.04 टक्के. पण तेवढ्यानं लोखंडाची जात बदलते, आणि किलोमागचा भावही.

भाची: मामा, तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा दिलात. सेझार हिदाल्गो नावाचा चिली देशातला अभ्यासक आहे. तो 2015च्या त्याच्या पुस्तकात हेच सांगतो. वस्तूची किंमत तिच्यातल्या द्रव्यापेक्षा त्या द्रव्याच्या मांडणीत जास्त असते, आणि ती मांडणी म्हणजेच माहिती. कण तेच, पण कुठला कण कुठे बसवायचा हे ज्याला कळलं, त्यानं संपत्ती निर्माण केली. आता पुढचं बघा. एसजी आयर्नची किमया 1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस यांच्या हाताला लागली. तेव्हा ती एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. आज धातुशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. कुणाच्याही मोबाइलवर आहे. म्हणजे माहिती मोकळी झाली की तिच्या जोरावर कुणालाही उभं राहता येतं.

मामा: पाठ्यपुस्तक माझ्या टेबलावरही आहे. आता भट्टीवर काय होतं ते ऐक. मॅग्नेशियम टाकलं की डोळे दिपवणारा लखलखाट होतो, पांढरा धूर उठतो. आणि त्या क्षणापासून ते कमी कमी होत जातं. मोजकीच मिनिटं हातात असतात. तेवढ्यात मळी काढायची, लॅडल साच्यांपर्यंत न्यायची आणि एकेक साचा भरायचा. मध्येच क्रेन अडली, एखादा साचा तयार नसला, पोरांची आपसांत गडबड झाली, की शेवटच्या साच्यांत जातो तो मॅग्नेशियम उतरलेला रस. वरून कास्टिंग झकास दिसतं. आत गोळ्यांऐवजी नुसते गबाळे आकार. मशीन शॉपमध्ये गेल्यावर किंवा गिऱ्हाइकाच्या तपासणीत ते कळतं आणि सगळा लॉट परत येतो. पुस्तकात 'लवकर ओता' असं एक वाक्य असतं. ते वाक्य अमलात आणायला माझ्याकडे दहा-बारा माणसं एकमेकांच्या हालचाली ओळखून काम करतात. ती ओळख यायला वर्षं लागली.

भाची: कौशल्य लागतं हे मी नाकारत नाही. पण मोठा हिशेब तर बघा. रॉबर्ट सोलो यांनी 1957 साली अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळाचा हिशेब मांडला. त्या काळात कामगाराच्या दर तासामागचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं. यंत्रं, इमारती, भांडवल वाढल्यामुळे त्यातला साधारण आठवा हिस्सा आला. उरलेले सात हिस्से त्यांनी तांत्रिक बदलाच्या नावे टाकले. पुढे 1987 साली त्यांना नोबेल मिळालं.

मामा: रुपयातले चौदा आणे 'इतर' खात्यात टाकून भागत नाही. त्या खात्यात काय आहे ते उघडून बघायला हवं.

भाची: ते पॉल रोमर यांनी उघडलं, 1990 साली. त्यांचा मुद्दा सरळ आहे. तुमची भट्टी एका वेळी एकाच फौंड्रीला वापरता येते. तुम्ही वापरत असाल तर शेजाऱ्याला मिळत नाही. पण मॅग्नेशियम घालायचं ही कल्पना हजार फौंड्र्यांनी एकाच वेळी वापरली तरी झिजत नाही. यंत्र वाटलं की वाट्याला थोडं थोडं येतं. कल्पना वाटली तर प्रत्येकाला अख्खी मिळते. वाढ वर्षानुवर्षं चालू राहते ती म्हणून. आणि म्हणूनच माहितीच्या आड येणारी भिंत ही मला सगळ्यात महागडी भिंत वाटते.

मामा: कल्पना झिजत नाही हे पटलं. ती आपल्या पायांनी चालत सगळीकडे जाते, हे पटत नाही. माहिती एकटीनं काही घडवते असा एखादा प्रसंग सांग.

भाची: सांगते. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर, कासरगोडपासून कोळिकोडपर्यंत, मच्छीमार तारली पकडतात. होडी ज्या किनाऱ्याला लागेल त्याच बाजारात मासळी विकायची. शेजारच्या बाजारात काय भाव चाललाय ते समुद्रात कळायला मार्ग नव्हता. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं एक सकाळ नोंदवून ठेवली आहे. 14 जानेवारी 1997. वडकराच्या किनाऱ्यावर 11 मच्छीमारांच्या मासळीला गिऱ्हाईकच नव्हतं, माल फेकून द्यायची पाळी आली होती. आणि तिथून 15 किलोमीटरच्या आतल्या दोन बाजारांत 27 गिऱ्हाइकं मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हातानं परत निघाली होती.

मामा: तारली म्हणजे नाशवंत माल. तास-दोन तासांत निकाल.

भाची: म्हणून तर. मग त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्यानं मोबाइलचे मनोरे उभे राहिले. मच्छीमार समुद्रातूनच चार बाजारांत फोन लावू लागले. आधी पकडलेल्या मासळीपैकी 5 ते 8 टक्के वाया जायची, ते जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त पडली. समुद्र तोच, जाळी तीच, होड्याही त्याच. कुणाला काही नवीन शिकवलं नाही. फक्त भाव वेळेवर कळला आणि दोघांचंही भलं झालं.

मामा: फार चांगलं उदाहरण आहे. पण त्यातच त्याची मर्यादाही दिसते. मासळी होतीच, ती योग्य जागी पोचली. नासाडी थांबली, आणि ती एकदाच थांबते. पुढच्या वर्षी परत 8 टक्के नफा वाढायचा तर काहीतरी नवं करता यायला हवं. मासळी टिकवणं, डबाबंद करणं, बर्फाचा कारखाना, होडीचं इंजिन दुरुस्त करणं, बांधणं. ते फोनवर भाव विचारून येत नाही. भाव कळल्यानं आहे त्या मालाला वाट मिळते. नवा माल करायची ताकद वेगळ्या मार्गानं येते.

भाची: पण हातात ताकद आहे आणि माहिती नाही, तर काय होतं तेही आपण पाहिलंय. 2010ची द्राक्षं आठवतात?

मामा: कशी विसरेन? तासगावकडचे आपले पाहुणे त्या वर्षी मेटाकुटीला आले होते.

भाची: नाशिक-सांगलीच्या बागायतदारांइतका तयार हात देशात क्वचित कुठे असेल. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, जीएची (जिबरेलिक आम्लाची) बुडवणी, विरळणी, प्रत्येक गोष्ट दिवस मोजून करणारी माणसं. खरडछाटणीनंतर शेंडावाढ आवरायला सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वापरायची पद्धत होती. युरोपात त्याच्या अंशाची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. त्या वर्षी युरोपच्या तपासणीत हे अंश सापडले, माल अडकला, आणि शेतकरी, निर्यातदार सगळेच पोळले. हाताच्या कसबात काडीची उणीव नव्हती. एक आकडा बांधापर्यंत वेळेवर पोचला नव्हता.

मामा: हे मात्र मी मान्य करतो. जगाशी व्यवहार करायचा तर जगाचा आकडा ठाऊक हवा. माझ्याकडेही गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं की त्यावरची एक टीप नजरेतून सुटली तर महिन्याची कमाई जाते. पण पुढे काय झालं ते तुलाही माहीत आहे. बागायतदार त्यातून सावरले, ते नुसतं परिपत्रक वाचून? सीसीसी बंद केल्यावर शेंडा कसा आवरायचा, पाणी किती तोडायचं, नत्र कधी थांबवायचं, हे सगळं नव्यानं बसवावं लागलं. ते बसलं चर्चासत्रांतून, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या लोकांना बागेत बोलावून आणि एकमेकांच्या बागा हिंडून. ज्या गावात असं हिंडणारी माणसं होती, ते गाव लवकर सावरलं.

भाची: म्हणजे तुमच्या मते आकडा हा फक्त इशारा असतो. बदल माणसं एकत्र येऊन घडवतात.

मामा: हो. आणि ही काही आजची गोष्ट नाही. तूच मागे इंग्लंडच्या त्या सूतगिरणीवाल्या पोराची हकिकत सांगितली होतीस.

भाची: सॅम्युएल स्लेटर. बेल्परच्या गिरणीत उमेदवारी केलेला. तेव्हा इंग्लंडच्या कायद्यानं यंत्रं देशाबाहेर न्यायला बंदी होती, आणि कुशल कारागिरांनाही देश सोडायला बंदी होती. 1789 साली तो गुपचूप अमेरिकेला निघाला. जवळ एकही नकाशा नव्हता, सगळं डोक्यात.

मामा: आणि तिथे यंत्रं आधीपासून होती ना?

भाची: होती. पॉटकेट गावात मोझेस ब्राउन नावाच्या व्यापाऱ्यानं जमवून ठेवली होती, पण ती धड चालत नव्हती. स्लेटरनं ती मोडून पुन्हा बांधली आणि चालवून दाखवली. अमेरिकेतल्या सूतगिरण्यांची सुरुवात तिथून मानतात. कारागिरांवरची बंदी इंग्लंडनं 1824 साली उठवली, यंत्रांवरची 1843 साली.

मामा: म्हणजे पैसा होता, यंत्र होतं, कापूस होता. नव्हता तो यंत्राशेजारी दिवस काढलेला माणूस. तो आल्यावर चक्र फिरलं. आपल्याकडे किर्लोस्करवाडी घे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवायला होते. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज, नांगर खपेना. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि तिथे कारखाना उभा राहिला. त्या माळावर कोळसा नव्हता, लोखंड नव्हतं, बाजार नव्हता. आसपासच्या खेड्यांतल्या पोरांना त्यांनी ओतकाम, लेथ, फिटिंग शिकवलं. ती पोरं पुढे सांगली, कोल्हापूर, पुणे अशी पांगली. आजही या भागातल्या कितीतरी जुन्या वर्कशॉपच्या मुळाशी किर्लोस्करांकडे काम शिकलेला कुणीतरी निघतो.

भाची: हेच हिदाल्गो 'जटिलता' या कल्पनेतून मांडतात. त्यांनी आणि रिकार्डो हाउसमन यांनी 2009 साली एक मोजमाप मांडलं. एखादा देश किती प्रकारचा माल परदेशी विकतो आणि तोच माल आणखी किती थोड्या देशांना करता येतो, यावरून त्या देशाच्या अंगात किती जाण मुरली आहे याचा अंदाज बांधायचा. विचार असा आहे की एका माणसाच्या डोक्यात मावेल इतक्या ज्ञानाला हद्द असते. साधी वस्तू एका कारागिराला पुरेल. गुंतागुंतीची वस्तू करायची तर ज्ञान अनेकांत वाटून ठेवावं लागतं, आणि परत त्या अनेकांना एकत्र बांधावं लागतं.

मामा: ही तर आमची रोजची गोष्ट. एक सिलिंडर ब्लॉक घे. लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न करणारा वेगळा. साच्याची वाळू सांभाळणारा वेगळा. आमचा जुना मोल्डर वाळू मुठीत दाबायचा, गोळा मधोमध मोडायचा आणि मोडलेली कड बघायचा. कड धारदार निघाली की ओलावा आणि बेंटोनाइट बरोबर. चुरा झाला तर पाणी कमी, बोटांना चिकटली तर जास्त. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं, तरी मूठ दाबल्याशिवाय तो साचा भरू देत नसे. मग कोअर करणारे, भट्टीवाले, फेटलिंगवाले. बाहेर मशीनिंग करणारे, गेज करणारे, हीट ट्रीटमेंटवाले. यातलं सगळं कुणा एकाला येत नाही. मलाही येत नाही. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर मिळून येतं. पॅटर्न दुपारी बिघडला तर संध्याकाळी दुरुस्त होऊन येतो, कारण करणारा चार किलोमीटरवर बसलाय. हा ब्लॉक ओसाड माळावर एकट्या फौंड्रीला काढायला सांग, भट्टी कितीही भारी आण.

भाची: त्याच अभ्यासकांचं एक निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडतं. देश किंवा शहर एकदम लांब उडी मारत नाही. जे येतं त्याच्या लगतच्या वस्तूकडे सरकतं. कोल्हापूर आधी शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं करायचं. गावोगाव वीज आली, विजेचे पंप बसले आणि ऑइल इंजिनाची मागणी आटली. तेव्हा हे शहर बसायला हवं होतं.

मामा: बसलं नाही, कारण इंजिनाचा ब्लॉक ओतणाऱ्याला गाडीचा ब्रेक ड्रम ओतणं परकं नव्हतं. वाळू तीच, भट्टी तीच, मोजमाप अधिक काटेकोर. इंजिनं गेली, हात राहिले. त्या हातांनी मोटारींचं काम धरलं.

भाची: आता मी तुम्हाला अडचणीचा प्रश्न विचारते. ज्ञान संगतीतून मिळतं म्हणता. त्या संगतीत कुणाला घेतलं जात होतं? आपल्याकडे शतकानुशतकं कसब जातीच्या आणि घराच्या आत राहिलं. लोहाराचं लोहारात, सोनाराचं सोनारात. लिहिणं-वाचणं तर मूठभरांच्या हाती. ज्यांचे हात रोज काम करत होते त्यांना अक्षर दिलं नाही, आणि ज्यांच्याकडे अक्षर होतं त्यांनी हातांना काम लागू दिलं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा किती विरोध झाला! तुमची संगत खुद्द एक कोंडवाडा होऊ शकते. तो फोडायचं काम लिहिलेल्या, छापलेल्या, सगळ्यांना मिळणाऱ्या माहितीनंच केलंय. पुस्तक वाचणाऱ्याची जात विचारत नाही.

मामा: यावर माझ्याकडे उलटा जबाब नाही. मिस्त्री खुबी लपवतो, हे मी पाहिलंय. मॅग्नेशियम घालायच्या वेळी हेल्परला मुद्दाम दुसऱ्या कामाला पाठवणारे होते. जे येतं ते पोराला किंवा पुतण्यालाच सांगणार.

भाची: आणि तुमच्याकडे कोअर करायला बायका आहेत. त्यांचा हात सफाईदार आहे असं तुम्हीच म्हणता. मग मेल्टिंगच्या कंट्रोल पॅनेलवर एकही बाई का नाही?

मामा: कुणी शिकवलं नाही म्हणून. शिकवायला हवं. पण याच शहराच्या इतिहासात तुझ्या प्रश्नाचं थोडं उत्तर आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून इथे वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. 1902 साली संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यातूनच कारखाने निघाले असं म्हणणं धाडसाचं होईल. पण शेतकऱ्याच्या, सुताराच्या पोराला ड्रॉइंग वाचता येऊ लागणं आणि त्या पोरानं वर्कशॉप काढणं, या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब नाहीत.

भाची: मग अक्षरामुळे दार उघडलं, हे मान्य करा.

मामा: मान्य. पण दार उघडल्यावर आत कुणीतरी हात धरून शिकवणारा हवा. सूरजागडचं बघ. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात डोंगरभर लोहखनिज. आमच्याकडे पिग आयर्न गोवा-कर्नाटकाकडून येतं, बाकी भंगार. खनिज तिकडे होतं आणि ओतकाम इथे वाढलं. आता तिकडे खाण सुरू झाली आहे, पोलादाच्या कारखान्यांचं चाललंय. तिथल्या माडिया-गोंड पोरांना नोकरी मिळेल, पण कसली? डंपर चालवायची आणि गेटवर उभं राहायची, की मेल्ट तपासायची? सगळं इंटरनेट त्यांच्या मोबाइलवर असलं तरी मेल्ट तपासायला कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवल्याशिवाय त्यांची जागा बदलणार नाही.

भाची: यावर माझं दुमत नाही. पण शिकवायचं कुणी? तुम्हीच मागे तक्रार करत होता.

मामा: करणारच. पोराला तीन-चार वर्षं तयार करायचं, त्याच्या चुकांची भरपाई सोसायची, आणि तो हाताशी आला की मोठा कारखाना दीडपट पगार देऊन उचलतो. मग छोटा फौंड्रीवाला म्हणतो, कशाला शिकवा?

भाची: गॅरी बेकर यांनी 1964 साली हाच प्रश्न हाताळला होता. जे कौशल्य सगळीकडे चालतं, त्याचा खर्च एकट्या मालकानं का करावा? आणि शिकणाऱ्याला तो झेपला नाही, तर प्रत्येक जण गरजेपेक्षा कमी शिकवतो आणि सगळा भाग मागे पडतो. पण तुमच्याकडून गेलेली पोरं शहराच्या हिशेबात वाया गेली का?

मामा: तसं नाही. त्यातल्या एकानं पॅटर्न शॉप टाकलं, आज माझे पॅटर्न त्याच्याकडेच होतात. एक जण मोठ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथून नवी पद्धत आली की आधी त्याचा फोन येतो. माझ्या खातेवहीत तोटा दिसतो, शहराच्या खातेवहीत जमा.

भाची: मग ती जमा जिथे होते तिथूनच खर्चही निघायला हवा. उमेदवारांचा कायदा 1961पासून आहे. पण छोट्या कारखान्यात शिकवणाऱ्या मिस्त्रीच्या वेळेचे पैसे कोण देतं? वसाहतीतल्या सगळ्यांनी मिळून उमेदवारीचा निधी केला, सरकारनं त्यात भर घातली, तर एकट्यावर भार येणार नाही. आणि माझी एक अट. रिजेक्ट झालेल्या प्रत्येक लॉटचं कारण लिहून ठेवायचं आणि ते वसाहतीत सगळ्यांना बघता यायला हवं. कुठल्या ओलाव्याला ब्लोहोल आले, किती मिनिटांनी मॅग्नेशियम उतरलं. एकाची चूक दुसऱ्यानं पुन्हा करायची नाही.

मामा: लिहायला माझी हरकत नाही, नाव झाकून लिहिलं तर बाकीचेही लिहितील. माझीही एक अट. ते वाचणारा पोरगा किंवा पोरगी वर्षभर भट्टीजवळ उभी राहिली पाहिजे. निवृत्त मोल्डरांना मानधन देऊन बोलवायचं. त्यांच्या मुठीत आहे ते निम्मंही अजून कागदावर आलेलं नाही, आणि ती माणसं फार काळ आपल्यात राहणार नाहीत.

भाची: तरी एका ठिकाणी आपलं जुळत नाही, मामा. मला वाटतं, नीट लिहिलं, नीट मोजलं, तर तुमच्या मुठीतलं बरंचसं पुढच्या पिढीला तुमच्याशिवाय मिळेल.

मामा: आणि मला वाटतं, तुम्ही जितकं लिहाल तितकं काम आणखी बारीक होत जाईल, आणि त्याच्या पुढच्या टोकाला पुन्हा न लिहिलेलं काहीतरी माणसाच्याच हातात असेल.

या वादात मी तटस्थ नाही. भाचीनं दिलेले पुरावे खरे आहेत. वेळेवर पोचलेला भाव आणि वेळेवर न पोचलेली मर्यादा यांनी माणसांचे संसार सावरले आणि मोडलेही आहेत. बंद दारं उघडली ती खुल्या अक्षरांनी, हे महाराष्ट्राला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. पण ते दार उघडल्यावर समृद्धी कुठे आली आणि कुठे नाही, हा फरक पडतो तो मामांच्या मुद्द्यामुळे. मोबाइल आज एटापल्लीतही आहे आणि शिरोलीतही. शिरोलीत जास्तीचं आहे ते एकमेकांचं काम ओळखणाऱ्या माणसांचं जाळं, आणि ते जाळं कुठल्याही योजनेत एका रकमेनं विकत घेता येत नाही.

म्हणून विकासाचा हिशेब मांडायची आपली रीत बदलायला हवी. अर्थसंकल्पात रस्त्यांचे किलोमीटर येतात, यंत्रांवरची सबसिडी येते, टॅबलेट आणि संगणकांची संख्या येते. जाणत्या माणसानं नवख्याशेजारी काढलेला वेळ कुठल्याच रकान्यात येत नाही. तो भांडवली खर्च आहे असं मानून त्याला पैसा मिळाला पाहिजे: मिस्त्रीच्या शिकवण्याला मोबदला, वसाहतीची सामायिक चाचणी प्रयोगशाळा, दूरच्या तालुक्यातल्या मुलामुलींना फौंड्रीच्या गावात वर्ष काढता येईल अशी वसतिगृहं, आणि शिकून परतल्यावर तिथे काम उभारायला आधार. त्या वसतिगृहांत पहिल्या जागा अशांना मिळाव्यात, ज्यांच्या घरात आजवर कुणालाच असल्या कामाच्या जवळ जाऊ दिलं गेलं नाही. जी माणसं या संगतीबाहेर राहिली, त्यांच्या डोक्यात आणि हातांत काय घडू शकलं असतं, तो तोटा आपण आजवर मोजलेलाच नाही. महाराष्ट्राच्या वाढीचा सगळ्यात मोठा शिल्लक साठा तिथेच आहे, असं मी पुरतं मानतो.